दर्याखालची बांग

"कुटं हाय माजा कोंबडा?"

सोनू तांडेल बंदर कचेरीच्या दारात उभा होता. दार दिसतच नव्हतं, नुसता तांडेल दिसत होता. हातात वल्हं. माझ्या आणि त्याच्या मध्ये एक टेबल होतं, आणि ते टेबल इतकं अरुंद का बनवलं, असा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला.

"तांडेल, ही जकातीची कचेरी आहे," मी म्हणालो. "इथे गलबतांची नोंद होते. कोंबड्यांची नाही."

"शाणपणा नको शिकवू, वामन्या! तुज्या गोऱ्यांनी नेला माजा फौजदार!"

"माझे गोरे? ते काय माझ्या मावशीचे मुलगे आहेत?"

"त्यांच्याशी गिटपिट कोण करतो? तूच ना? मग तुजेच!"

हे मात्र खरं होतं, सगळ्या खारबांद गावात इंग्रजी येत होतं ते फक्त मला. त्यातलं अर्धं पाद्र्याच्या शाळेतलं आणि अर्धं माझ्या मनाचं.

फौजदार कोण, ते आधी सांगतो. आदल्या हंगामाच्या शेवटी तांडेलाचं गलबत भर वादळात सापडलं होतं. शीड फाटलं, सुकाणू गेलं, तेव्हा तांडेलाने राखणदाराला हाक मारली. आमचा राखणदार देवळात राहत नाही. खाडीच्या तोंडाशी पाण्यात एक खडप, म्हणजे खडक आहे, ओहोटीला तेवढं डोकं वर काढतं. तिथे त्याचं ठाणं. 'माजी माणसं घरला पोचव, नव्या हंगामाच्या पयल्या सोमवारी तुज्या दारात कोंबडा देईन,' असं तांडेल बोलला आणि माणसं घरी पोचली. त्याच संध्याकाळी त्याने घरच्या एका पिल्लाच्या पायात लाल दोरा बांधला.

आमच्याकडे एकदा असा दोरा बांधला की तो कोंबडा माणसांचा राहत नाही. त्याला कोंडायचं नाही, हाकलायचं नाही, हात लावायचा नाही. तो कुणाच्याही वाळवणात शिरेल, कुणाच्याही ओटीवर झोपेल. या कोंबड्याला गावाने खाऊ घालून घालून असा माजवला की तो छाती काढून, माना वेळावत, वाडीवाडीतून गस्त घालायचा. म्हणून फौजदार. मला तर त्याने तीनदा टोचलं होतं. खरा पोलीस गावात आला असता तर त्यालाही टोचलं असतं, पण खरा पोलीस कधी येतच नसे.

आणि आता सोमवार उद्यावर आला होता, तर फौजदार गायब.

"गावातला कुणी त्याला हात लावील?" तांडेल म्हणाला. "शक्य हाय का? मग ऱ्हायलं कोण? ती बुडती!"

बुडती म्हणजे पाणबुडी. खरं नाव 'हेरन', इंग्रजांच्या आरमारातली. चार दिवस झाले, ती आमच्या खाडीच्या तोंडाशी नांगरून होती. तिच्यासोबत एक मोठी लढाऊ बोट आली होती. दोघींचा खेळ असा की पाणबुडीने बुडी मारून लपायचं आणि मोठ्या बोटीने तिला हुडकायचं. आरमारात याला सराव म्हणतात. आमच्या पोरांनी बघितलं आणि म्हणाली, हा तर लपंडाव. पोरांचंच खरं होतं. पाणबुडीचा आचारी डॉसन रोज भाजी घ्यायला किनाऱ्यावर उतरायचा आणि मी त्याचा दुभाषी व्हायचो.

"मी गेलो होतो होडी घेऊन," तांडेल म्हणाला. "कोंबडा, कोंबडा म्हणून वरडलो, आरवून दाखवलं. तर मेले टाळ्या वाजवायला लागले!"

तांडेल आरवला म्हणजे कसा दिसला असेल, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी हसलो. हसलो ते चुकलं. वल्हं टेबलावर आपटलं.

"हसतोस? ऐक मग. उद्या दुपारच्या भरतीआधी फौजदार मला आणून दे. आणलास, तर माजी शेवंती तुला दिली."

माझ्या हातातला टाक खाली पडला.

कारण शेवंतीसाठी माझा मामा श्रावणातच तांडेलाकडे शब्द टाकून आला होता. तांडेलाने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "कारकुनाला पोर देऊ? होडीत बसला तर वांती, धक्क्यावर उभा ऱ्हायला तर भोवळ! दर्यात न गेलेल्याच्या घरात माजी पोर जायची नाय." यातला शब्द न् शब्द खरा होता. बंदरावरचा कारकून असून मला समुद्र लागायचा. लाटांकडे फार वेळ बघितलं तरी पोटात ढवळायचं, म्हणून मी कचेरीची खुर्चीसुद्धा भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"आणि नाय आणलास," तांडेल पुढे म्हणाला, "तर पुढल्या मयन्यात वेंगुर्ल्याच्या तांडेलाचा झील तिला बघायला येतोय. मग बस रडत."

त्याच्या मागे, अंगणात, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन शेवंती उभी होती. हिरवं लुगडं, हनुवटीवर तीळ. माझी आणि तिची ओळख म्हणजे एवढीच की ती मला मासळी देताना दोन बांगडे जास्त घालायची आणि मी ते न मोजता घ्यायचो. आत्ता ती माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होती. नको, नको! डोळे तर पाण्याने भरलेले.

माझं काळीज विरघळलं. माझ्या जिवाची केवढी काळजी ही! मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, "आणतो, तांडेल. कोंबडा काय, अख्खी बुडती ओढून आणतो."

शेवंतीने कपाळाला हात लावला.

सोमवारी उजाडता उजाडता मी भाजीच्या होडीत बसलो. पहिल्या लाटेला ओकलो, दुसऱ्या लाटेला ओकलो. पुढे पोटात काही उरलं नाही, पण माझी जिद्द मोठी, मी तसाच ओकत राहिलो. होडीवाला म्हणाला, "वामनराव, भोपळे तरी सोडा." मी लाल भोपळ्यावर डोकं टेकून पडलो होतो.

पाणबुडी जवळून बघितली तर काळ्या, लांबट रांजणासारखी. वरच्या भोकातून एक लोखंडी शिडी सरळ पोटात जात होती. खाली उतरलो. आत जागा म्हणावी तर आमच्या माजघराएवढी रुंदी, आणि त्यात तीसचाळीस माणसं, नळ, चाकं, कळा, दिवे. तेलाचा, घामाचा आणि उकडलेल्या कोबीचा वास. डॉसनने माझ्या हातातून भोपळे घेतले.

"मिस्टर वामन! तुम्ही हिरवे दिसता."

"डॉसनसाहेब, तुमच्याकडे कोंबडा आहे का?"

"आहे की! नाव त्याचं अ‍ॅडमिरल."

तो मला पार पुढच्या टोकाला घेऊन गेला. तिथे लांबलचक टॉर्पेडो आडवे मांडून ठेवले होते आणि त्यातल्या एकावर, माना वेळावत, छाती काढून फौजदार बसला होता. खारबांदात फौजदार होता, इथे आल्याबरोबर अ‍ॅडमिरल. काहींचं नशीबच तसं असतं. मला बघितल्याबरोबर त्याने चोच पुढे केली. मी त्याच्या पायाकडे बघितलं. लाल दोरा नव्हता.

"चोरलात ना?" मी म्हणालो.

"चोरला?" डॉसन दुखावला. "मला भेट मिळालाय! एका मुलीने दिला. परवा, भाजी घ्यायला उतरलो तेव्हा, तुम्ही यायच्या आधी. टोपलीत घालून घेऊन आली."

"कुठली मुलगी?"

"हिरवं वस्त्र. इथे तीळ." त्याने हनुवटीला बोट लावलं. मग गळ्यावरून बोट फिरवलं आणि जोरजोरात मान हलवली. "असं करून दाखवलं. कापायचा नाही, म्हणाली. मला वाटतं, तिचं माझ्यावर..."

"तुमच्यावर काही नाही!" मी ओरडलो.

मला तर नाचावंसं वाटलं. शेवंतीने दिला! स्वतःच्या हाताने! आणि का? डोक्यात लखकन उजेड पडला. कोंबडा गोऱ्यांकडे गेला की बापाला इंग्रजीवाल्याकडे यावंच लागणार. बाप अडला की शब्द देणार. शब्द दिला की मी कोंबडा आणणार आणि लग्न होणार. काय डोकं पोरीचं! काल मान हलवत होती ती नुसती वरवर, बापाला संशय येऊ नये म्हणून. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडलो.

"डॉसनसाहेब, हा मी घेऊन जातो."

एवढ्यात डोक्यावर भोंगा वाजला. असा वाजला की फौजदारसुद्धा दचकला. माणसं धावली. वर झाकण धाडकन बंद झालं. कुणीतरी चाकं फिरवायला लागलं आणि पायाखालची जमीन पाणबुडीच्या नाकाच्या दिशेने कलली.

"काय झालं?"

"मोठी बोट वेळेआधी आली," डॉसन म्हणाला. "बुडी मारली आपण."

"पण मी आत आहे!"

"तेच तर," डॉसन म्हणाला. "बाहेर असता तर जास्त वाईट झालं असतं."

मी हात जोडले. सगळे देव आठवले, शेजारच्या गावचेसुद्धा. आणि मग एक चमत्कार झाला. पोटातलं ढवळणं थांबलं. पाण्याखाली लाट नाही, हेलकावा नाही. आमच्या ओटीवर बसल्यासारखं स्वस्थ! मला समुद्र लागतो तो वरून, खालून अजिबात लागत नाही, हा शोध मला त्या दिवशी लागला. नोकरीसाठी त्याचा काही उपयोग नव्हता.

पाणबुडी तळाच्या वाळूवर टेकली. पंखे, यंत्रं, सगळं बंद. कॅप्टन मेरिडिथ, माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा असेल, ओठावर बोट ठेवून सगळ्यांकडे बघत होता. मला बघून त्याच्या भुवया वर गेल्या, पण बोलण्याची सोय नव्हती. त्याने मलाही तेच बोट दाखवलं.

"आपण कुठे आहोत?" मी डॉसनच्या कानात विचारलं.

"खाडीच्या तोंडाशी एक खडक आहे ना, त्याच्या कुशीत. लपायला बरी जागा."

म्हणजे राखणदाराच्या दारात. अंगावर काटाच आला.

"आज सापडलो तर संपलं," डॉसन कुजबुजला. आणि मग त्याने मला त्या पाणबुडीची सगळी जन्मकथा सांगितली. मी ती अजूनपर्यंत कुणाला पूर्ण सांगितलेली नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं मी तिखटमीठ लावतोय. पहिलं महायुद्ध संपलं आणि पुढच्याच महिन्यात ही पाण्यात उतरली, म्हणजे मांडव उतरल्यावर वऱ्हाड पोचलं. पहिल्याच फेरीत तिने स्वतःचाच धक्का फोडला. माल्टाला तीन वर्षं सराव केला, दर वेळी सापडली. एकदा तेल गळत होतं म्हणून सापडली, एकदा वरची दुर्बीण खाली घ्यायला विसरले म्हणून सापडली, एकदा तर एका कोळ्याने जाळ्यात धरली आणि सोडायला तयार होईना. चीनला पाठवली, तिथे वाळूवर बसली आणि भरती येईपर्यंत आजूबाजूला मुलं खेकडे पकडत होती. आता लंडनच्या साहेबांनी सांगितलं होतं की हा शेवटचा सराव. यातही सापडली तर थेट भंगारात, आणि कॅप्टन मेरिडिथला किनाऱ्यावरची नोकरी.

"किनाऱ्यावरची नोकरी काही वाईट नसते," मी म्हणालो.

डॉसनने माझ्याकडे दयेने बघितलं.

मग वरून आवाज यायला लागला. घुर्र, घुर्र, घुर्र. मोठ्या बोटीचे पंखे. तिच्यावर पाण्यातले आवाज ऐकायचं यंत्र होतं आणि एक माणूस कानाला लावून बसलेला असायचा. इथे चमचा पडला तरी त्याला तिथे कळायचं. सगळे श्वास धरून उभे. आवाज जवळ येत होता. घामाचा थेंब कॅप्टनच्या नाकावरून निघाला आणि त्याने तोही हाताने अलगद टिपला, आवाज होईल म्हणून.

आणि फौजदार उठून उभा राहिला.

त्या पाणबुडीत दिवे रात्रंदिवस चालू. त्याला बिचाऱ्याला उजाडलं कधी आणि मावळलं कधी, काही पत्ता नव्हता. त्याने पंख फडफडवले. मान लांब केली. मला कळलं काय होणार ते. मी झेप घेतली आणि त्याची चोच मुठीत धरायला गेलो. दोरा बांधलेल्या कोंबड्याला हात लावायचा नसतो, हे तो कोंबडासुद्धा जाणून होता. त्याने माझ्या अंगठ्याचा असा लचका काढला की मी तोंडात सदरा कोंबला. आणि मग, भर समुद्राच्या तळाशी, राखणदाराच्या दारात, फौजदार आरवला.

कुकूऽऽच कू!

लोखंडात तो आवाज घुमला. संपला असं वाटेपर्यंत पुन्हा एकदा आरवला. मग खाली बसला, काम झाल्यासारखा.

कुणी कुणाकडे बघेना. कॅप्टनने डोळे मिटले. वरचा आवाज अगदी डोक्यावर आला. घुर्र, घुर्र. एकदम थांबला. मग जोरात सुरू झाला आणि दूर जायला लागला. दूर, आणखी दूर.

कॅप्टनने एक डोळा उघडला.

काय घडलं ते आम्हाला नंतर कळलं. वर कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसाने आपल्या साहेबाला सांगितलं, "सर, कोंबडा आरवतोय." साहेब म्हणाला, "काय आरवतोय?" "कोंबडा, सर. अगदी जवळ." साहेबाला घाम फुटला. कोंबडा आरवतोय म्हणजे जमीन आली, जमीन आली म्हणजे आपण खडकावर चढतोय! त्याने घाईघाईने सुकाणू फिरवलं आणि बोट भर समुद्राकडे पळवली. आम्ही हळूच वर आलो तर ती पाठ करून चाललेली. कॅप्टन मेरिडिथने तिच्या ढुंगणामागे धुराचा गोळा सोडला. सरावाच्या नियमाप्रमाणे मोठी बोट बुडाली. 'हेरन'ने जन्मात पहिल्यांदा काहीतरी जिंकलं.

आत काय जल्लोष! माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, मला मारल्या, फौजदाराला मारायला गेले आणि रक्त काढून घेतलं. कॅप्टनने जाहीर केलं, "आजपासून हा कोंबडा 'हेरन'चा. जिथे हेरन, तिथे हा!"

"साहेब," मी म्हणालो, "हा मला न्यायचाय."

"अशक्य."

"साहेब, हा कोंबडा कबूल केलेला आहे."

"कोणाला?"

"आत्ता आपण ज्याच्या दारात बसलो होतो, त्याला. राखणदार. या खाडीतलं सगळं पाणी त्याचं. त्याचं देणं कुणी परस्पर उचलून नेलं, तर..."

"तर काय?"

"मला काही होणार नाही, साहेब," मी म्हणालो. "मी किनाऱ्यावर नोकरी करतो."

डॉसनचा चेहरा पिठासारखा झाला. त्याच्या मागे उभे असलेले सगळे हळूहळू फौजदारापासून लांब सरकले. तेव्हा मला समजलं की पाणबुडीवरची माणसं आणि आमचे तांडेल यांच्यात कातडीचा रंग सोडला तर काहीच फरक नाही. दोघांनाही पाण्यावर विसंबून राहायचं असतं, म्हणून दोघेही पाण्याशी वाकडं घेत नाहीत.

कॅप्टनने फौजदाराकडे बघितलं. मग शेजारच्या खलाशाच्या टोपीवरची काळी पट्टी काढून, चोच चुकवत, त्याच्या गळ्यात बांधली. "त्याला सांगा," कॅप्टन मला म्हणाला, "आम्ही परत केला म्हणून. नक्की सांगा हं!"

किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता. सकाळी मला भोपळ्यांसकट बुडताना सगळ्यांनी बघितलं होतं. माझ्या मामाने तर रडून घेतलं होतं. बायका सांगत होत्या की शेवंती वाळूत बसून 'गेला गो, गेला' म्हणून आक्रोश करत होती. कोण गेला, ते कुणी विचारलं नाही.

मी होडीतून उतरलो. हातात टोपली, टोपलीत फौजदार, गळ्यात काळी पट्टी. भरतीला अजून अवकाश होता. राघो गुरव सुरी, नारळ, शेंदूर घेऊन तयार होता. गर्दी दुभंगली आणि मी राजासारखा चालत तांडेलासमोर गेलो.

"घ्या तुमचा फौजदार."

तांडेलाने टोपलीत वाकून बघितलं. "दोरा कुटं हाय?"

"दोरा?"

"लाल दोरा. दोऱ्याबिगर कसं वळखायचं? गोऱ्यांनी दुसराच कोंबडा दिला असला तर? खोटा कोंबडा देवाला दिला तर माजं गलबत जाईल ना!"

मी हसलो. मी निर्धास्त होतो. शेवंती समोरच उभी होती आणि तिच्या मुठीतून लाल दोऱ्याचं टोक बाहेर डोकावत होतं. मी तिला डोळ्याने खुणावलं. दाखव. दाखव आणि संपव.

"शेवंती," तांडेल म्हणाला, "तू त्याला लहानाचा मोठा केलास. बघ गो. हा आपला ना?"

शेवंती पुढे आली. आधी तिने माझ्याकडे बघितलं. मग फौजदाराकडे. मग गुरवाच्या हातातल्या सुरीकडे. तिची मूठ घट्ट झाली, दोऱ्याचं टोक आत गेलं.

"नाय," ती म्हणाली. "हा आपला नव्हे."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. समुद्राच्या तळाशी बसलो होतो तेव्हासुद्धा इतकं बुडाल्यासारखं वाटलं नव्हतं. आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात खरा उजेड पडला. तिने कोंबडा माझ्यासाठी नव्हता पळवला. त्याच्या मानेवरची सुरी चुकवायला पळवला होता. काल अंगणात मान हलवत होती ती मनापासून हलवत होती. 'आणू नको' म्हणत होती! आणि मी छाती काढून त्याला घेऊन आलो होतो, सुरीच्या वेळेवर. तिच्यापुढे दोन टोपल्या होत्या म्हणा, एकीत मी आणि एकीत कोंबडा. तिने कोंबडा उचलला. सगळ्या गावासमोर.

खोटं सांगत नाही, मला रडू आलं.

"नव्हे?" तांडेलाने पुन्हा विचारलं.

"नव्हे," शेवंती पुन्हा म्हणाली.

एवढ्यात फौजदाराने टोपलीतून उडी मारली. गर्दीतून छाती काढून चालत गेला, शेवंतीच्या पायाशी थांबला, पंख फडफडवून तिच्या खांद्यावर चढला आणि तिच्या कानाशी गुरगुरायला लागला. आयुष्यात ज्याने कुणाला टोचल्याशिवाय सोडलं नाही, तो तिच्या केसांत चोच घालून डोळे मिटून बसला.

गावात एक माणूस हसला नाही. सगळे तांडेलाकडे बघत होते. शेवंतीने मान खाली घातली. मूठ उघडली आणि दोरा वाळूत पडला.

तांडेलाने तो दोरा बघितला, पोरीकडे बघितलं. मिशा दोनदा वरखाली झाल्या. मग तो माझ्याकडे वळला.

"वामन्या, बुडती बुडाली कुटं?"

"राखणदाराच्या खडपाला चिकटून."

"कोंबडा आत होता?"

"होता. आरवला तिथे. दोनदा."

"खाली? दर्याच्या बुडाशी?"

"खाली. अंगठा बघा."

तांडेलाने माझा अंगठा बघितला. मग त्याने घसा खाकरला आणि गुरवाला म्हणाला, "राघो, ठेव ती सुरी. गाऱ्हाणं घाल, मी सांगतो तसं."

गुरवाने नारळ हातात घेतला. तांडेल सांगत गेला आणि गुरव समुद्राकडे तोंड करून ओरडत गेला.

"बा राखणदारा महाराजा! तुजा कोंबडा आमी आणायच्या आदीच तू आपल्या दारात बोलावून घेतलास!"

"व्हय महाराजा!" गाव ओरडला.

"त्याची बांग तुज्या ठाण्यावर ऐकलीस, तुजं देणं तुला पावलं!"

"व्हय महाराजा!"

"आता त्याला परत धाडलास, तो तुजा प्रसाद. प्रसादाला सुरी लावायचं पाप आमच्या हातून होऊ नये!"

"व्हय महाराजा!" सगळ्यात मोठ्यांदा शेवंती ओरडली.

गुरव थांबला. तांडेल थांबला नाही. त्याने माझ्या दंडाला धरून मला पुढे ओढलं. "आनी हा कारकून. हा पण खाली जाऊन आला. आमच्या सात पिढ्या दर्याच्या वरून फिरल्या, खाली कुणी गेला नाय. याला पण महाराजांनी परत धाडला. आता हा पण प्रसादच म्हणायचा, काय करणार!"

"व्हय महाराजा!" हे माझ्या मामाने म्हटलं.

तांडेल शेवंतीकडे वळला. मिशीत हसत होता तो म्हातारा. "काय गो? हा तरी आपला? का हा पण आपला नव्हे?"

शेवंतीने पदराचं टोक तोंडात धरलं. खांद्यावरून फौजदार माझ्याकडे रोखून बघत होता.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

मार्गशीर्षात लग्न झालं. फौजदार पाठराखणीला आमच्या घरी आला आणि म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याने मला माझ्याच ओटीवर बसू दिलं नाही. 'हेरन' पुढच्या सरावात पुन्हा सापडली म्हणे, आणि भंगारात गेली. मला तिच्याबद्दल अजून माया वाटते.

आता आम्ही दोघंही म्हातारे झालो. भांडण झालं की माझ्याकडे ठेवणीतलं एकच हत्यार असतं, आणि परवा मी ते पुन्हा काढलं. "अख्ख्या गावासमोर," मी म्हणालो, "तू मला सोडलंस आणि कोंबड्याला धरलंस!"

शेवंती बांगडे साफ करत होती. तिने वरसुद्धा बघितलं नाही.

"मग काय करू?" ती म्हणाली. "तुमच्या मानेवर सुरी नव्हती."